३३ लाख सह्या आणि पार्लमेंटचा दरवाजा

जुनी पानं

चार्टिस्ट चळवळीबद्दल बहुतेक ठिकाणी एवढंच वाचायला मिळतं: ब्रिटनमधल्या कामगारांनी मताधिकारासाठी पार्लमेंटकडे तीनदा अर्ज केला, तीनदा तो फेटाळला गेला, आणि चळवळ विरली. सध्या मी त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे १८४२ सालच्या अर्जाचा मजकूर वाचते आहे. हॅन्सार्डमध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात, तो सापडतो. तो वाचल्यावर 'फेटाळला गेला' या दोन शब्दांवर थांबणं मला जमेना, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. १८३२ च्या सुधारणा कायद्यासाठी कामगार आणि मध्यमवर्ग खांद्याला खांदा लावून सभांना गेले होते. कायदा झाला तेव्हा शहरात मत मिळालं ते वर्षाला १० पौंड भाडेमोलाच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला. कारखान्यात राबणारा माणूस होता तिथेच राहिला. दोनच वर्षांत गरिबांसाठीचा नवा कायदा आला. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये या, आणि तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. ज्या सभागृहाने हे ठरवलं त्यात आपलं कोणीच नाही, ही जाणीव तिथून बळावली.

१८३६ मध्ये लंडनला कामगारांची एक संघटना उभी राहिली. तिचा चिटणीस विल्यम लव्हेट हा फर्निचर बनवणारा कारागीर. मे १८३८ मध्ये त्यांनी सनद, म्हणजे 'चार्टर', प्रसिद्ध केली (चार्टिस्ट हे नाव त्यावरूनच): २१ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदार होण्यासाठी मालमत्तेची अट नको, खासदारांना पगार, सारख्या लोकसंख्येचे मतदारसंघ, आणि दरवर्षी निवडणूक.

पहिला अर्ज १८३९ चा. सुमारे १२ लाख ८० हजार सह्या. बर्मिंगहॅमचे खासदार थॉमस अॅटवुड यांनी तो मांडला. ती अवाढव्य गुंडाळी सभागृहात आणली तेव्हा सदस्य हसले. १२ जुलैला २३५ विरुद्ध ४६ मतांनी त्याचा विचार करायचंही नाकारलं गेलं. नोव्हेंबरमध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टला खाणकामगार चाल करून गेले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, वीसेक माणसं मेली. त्यांचे पुढारी जॉन फ्रॉस्ट आणि दोन साथीदारांना देहदंड सुनावला गेला आणि नंतर तो काळ्या पाण्यावर, म्हणजे टास्मानियाला धाडण्यावर आला.

एवढं सोसल्यावर लोकांनी पुन्हा कागद हातात घेतला, हे मला फार मोठं वाटतं. तीन वर्षांनी ३३ लाखांवर सह्या! अर्जातच ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडची लोकसंख्या २ कोटी ६० लाख दिली आहे. पोराबाळांसकट मोजलं तरी आठातला एक. आणि मत होतं ते जेमतेम ९ लाखांना, हेही अर्जातच लिहिलं आहे.

मजकूर तर वाचाच. विनवणी अशी त्यात फारशी नाही, हिशेब आहे. राणीला खासगी खर्चासाठी रोज १६४ पौंड १७ शिलिंग १० पेन्स मिळतात. हजारो कामगार कुटुंबांत माणशी रोज पावणेचार पेन्स येतात. पुढे तिच्या नवऱ्याचा आकडा, मग कँटरबरीच्या आर्चबिशपचा. ३,९२० वस्तीचं गिल्डफर्ड जितके खासदार पाठवतं तितकेच ३ लाख वस्तीचं टॉवर हॅम्लेट्स. ज्याने हे लिहिलं त्याला सभागृहात पाऊल टाकायची मुभा नव्हती, पण सभागृहाचा जमाखर्च त्याला तोंडपाठ होता.

२ मे १८४२ ला मिरवणुकीने हा अर्ज वेस्टमिन्स्टरला नेला. जुनं पार्लमेंट १८३४ च्या आगीत गेलेलं, सभा तात्पुरत्या दालनात भरत होती. अर्जाची पेटी दारातून आत जाईना. चौकट काढायचा प्रयत्न झाला, तेही जमलं नाही. शेवटी गुंडाळी सोडून कागद सुटे केले आणि माणसांनी ते भाराभाराने आत नेले. सभागृहाच्या जमिनीवर ढीग लागला.

खासदार थॉमस डंकम यांनी दुसऱ्या दिवशी मागितलं ते फक्त इतकंच, की अर्जदारांच्या प्रतिनिधींना सभागृहापुढे येऊन बोलू द्या. सनद मान्य करा असंही नाही, नुसतं ऐका. त्याला सर्वांत ठाम विरोध केला तो आपल्या परिचयाच्या मेकॉलेसाहेबांनी. सार्वत्रिक मताधिकार आला की मालमत्ता सुरक्षित राहणार नाही, आणि मालमत्ता गेली की संस्कृतीच टिकणार नाही, असा त्यांचा एकूण सूर. ४९ विरुद्ध २८७. ऐकायचं नाही असं ठरलं.

मला म्हणायचं आहे ते हे. ३३ लाख सह्या म्हणजे ३३ लाख वेळा कोणीतरी कागद घेऊन कोणाच्या तरी दारात गेलं. गिरणीत, गुत्त्यात, चॅपलमध्ये, खाणीच्या तोंडाशी. लीड्सहून निघणारं चळवळीचं साप्ताहिक 'नॉर्दर्न स्टार' एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, आणि तिथेच कागद फिरायचा. मँचेस्टरच्या विणकराला आपल्यासारखे ग्लासगोत, न्यूपोर्टात किती आहेत हे त्या आकड्यातून कळलं. सरकारला हे लोक मोजायचे नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःची मोजदाद स्वतःच केली. पार्लमेंटने नाही म्हटल्याने ती मोजदाद पुसली गेली नाही.

---

खडू-फळा

उत्तम धागा, ताई. मी शाळेत इतिहास शिकवतो. एक शंका मांडतो, राग नसावा.

तिसऱ्या अर्जाचं काय झालं ते तुम्ही टाळलंत. १८४८ मध्ये चळवळीचे पुढारी फर्गस ओ'कॉनर ५७ लाख सह्या असल्याचं सांगत होते. पार्लमेंटच्या समितीने मोजल्या तर १९,७५,४९६ भरल्या. त्यात राणी व्हिक्टोरियाची सही, सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनची सही, 'मिस्टर पंच', 'पगनोज' म्हणजे नकट्या असली नावं. पानंच्या पानं एका हाताने लिहिलेली. दुसऱ्या दिवशी सगळं लंडन हसत होतं. चळवळीला गोळीने जितकं मारलं नाही तितकं या हसण्याने मारलं. मग १८४२ चे ३३ लाख तरी खरे कशावरून? स्वतःची मोजदाद करायची तर ती चोख हवी. मुलांना मी हेच सांगतो.

---

त्रैराशिक

सर, तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो आला कसा ते बघू.

समितीने सांगितलं की १३ कारकुनांनी १७ तास बसून मोजणी केली. १३ गुणिले १७ गुणिले ६० म्हणजे १३,२६० मिनिटं. १९,७५,४९६ ला त्याने भागा. मिनिटाला १४९ सह्या, प्रत्येक कारकुनाच्या वाट्याला, सतरा तास, मान वर न करता. सेकंदाला अडीच. त्यातच स्त्रियांच्या किती, खोट्या किती, हस्ताक्षर एक आहे का हेही पाहायचं. हे माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. फार तर पानांवरून अंदाज बांधला असणार. ओ'कॉनर यांनी सभागृहात हाच आक्षेप घेतला होता.

पण त्यांचीही बाजू घेता येत नाही. अर्ज ५ टन वजनाचा आहे असं ते म्हणत होते. तराजूवर तो ५ हंड्रेडवेट ८४ पौंड भरला, म्हणजे सुमारे २९२ किलो. वजनात एवढा फरक असेल तर ५७ लाखांवर विश्वास ठेवणं कठीणच.

तरीही २० लाख धरा, हवं तर त्यातले पाव काढून टाका. १५ लाख उरतात. १८४२ च्या अर्जाने सांगितलेल्या ९ लाख मतदारांपेक्षा जास्तच.

---

जुनी पानं

खडू-फळा सर, राग कसला. टाळलं नव्हतं, पहिल्याच पोस्टीत सगळं मावेना.

खोट्या सह्यांत टवाळखोरांनी केलेल्या होत्याच. पण गिरणीमालकाच्या हाती आपलं नाव पडलं तर उद्या काम जाईल, ही भीती खरी होती. अशा माणसाला कागद पुढे आल्यावर मागे सरायचं नाही आणि नावही द्यायचं नाही, तर तो काय लिहील? आणि एका हाताच्या पानांचं म्हणाल तर निम्म्या वस्तीला लिहिता येत नसेल तिथे लिहिणारा एकच असणार. आपल्याकडेही गावात एकच जण सगळ्यांचे अर्ज लिहायचा. त्या पानावरची माणसं खोटी होती असं त्यावरून ठरत नाही. समितीने ही शक्यता विचारात घेतली नाही, कारण तिला तशी गरज वाटली नाही.

१० एप्रिल १८४८ ला लंडनमध्ये काय तयारी होती तेही पाहा. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळालेला. सरकारने बंदोबस्त खुद्द वेलिंग्टनकडे दिला, हजारो नागरिकांना तात्पुरतं पोलीस केलं, थेम्सवरचे पूल अडवले. राणी आइल ऑफ वाइटला गेली. एका अर्जासाठी! ज्यांना हसायचं होतं ते आदल्या दिवशी घाबरलेले होते. केनिंग्टन कॉमनवर सभा झाली, मिरवणुकीला बंदी असल्याने ती रद्द केली, आणि अर्ज तीन घोडागाड्यांत घालून पार्लमेंटला पाठवला.

मिरवणूक रद्द करायला ज्याने कडाडून विरोध केला त्याचं नाव विल्यम कफे. शिंपी. त्याचे वडील सेंट किट्स बेटावर गुलामीत होते. लंडनच्या चार्टिस्टांचा तो पुढारी होता. त्याच वर्षी त्याला पकडून टास्मानियाला धाडलं. तेव्हा तो साठीला आलेला. १८५६ मध्ये माफी मिळाली, पण तो तिथेच राहिला, तिथेही कामगारांच्या हक्कांसाठी बोलत राहिला, आणि १८७० मध्ये तिथेच वारला. या माणसाबद्दल मराठीत कोणी सविस्तर लिहावं असं मनापासून वाटतं.

---

थेम्सकाठी

केनिंग्टन कॉमनचा आता केनिंग्टन पार्क झाला आहे, ओव्हल मैदानापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. सभेनंतर काही वर्षांतच त्या मोकळ्या माळाला कुंपण घालून बाग केली. सभेचं विल्यम किल्बर्न याने काढलेलं छायाचित्र उपलब्ध आहे, गर्दीच्या जगातल्या सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी एक. टोप्या, निशाणं, मागे कारखान्याचं धुराडं. शोधून जरूर बघा.

---

निशिगंधा

त्रैराशिक, तुम्ही स्त्रियांच्या सह्यांचा ओझरता उल्लेख केलात. समितीने तेही मोजलं होतं: दर १ लाखात ८,२०० स्त्रिया. म्हणजे दीड लाखाहून जास्त. सनदेत मागणी फक्त पुरुषांच्या मताची, तरी या बायकांनी सही केली.

ब्रिटनमध्ये त्याला आधीची वाट होती. मे १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी संपवा म्हणून स्त्रियांनी केलेल्या अर्जावर १,८७,१५७ सह्या होत्या. तो उचलून आत न्यायला चार खासदार लागले. त्याच वर्षी कायदा झाला.

पण अर्जाचा हक्क म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेकडे वळावं लागतं. तिथे राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क लिहिलेला. १८३० च्या दशकात उत्तरेकडून काँग्रेसकडे अर्जांचा लोंढा सुरू झाला: राजधानीचा वॉशिंग्टन परिसर तुमच्या थेट अमलाखाली आहे, निदान तिथली गुलामगिरी तरी थांबवा. घरोघरी फिरून सह्या जमवण्यात स्त्रियाच पुढे. मे १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ठराव केला की गुलामगिरीसंबंधीचा कोणताही अर्ज आला तर तो न छापता, समितीकडे न पाठवता बाजूला ठेवायचा. मतं ११७ विरुद्ध ६८. याला लोक 'गॅग रूल', म्हणजे तोंडबंदीचा नियम, म्हणू लागले.

याच्याशी आठ वर्षं झुंजले ते जॉन क्विन्सी अॅडम्स. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर हा माणूस साधा प्रतिनिधी म्हणून पुन्हा निवडून आला होता. सत्तरीच्या उंबरठ्यावर रोज अर्जांचा गठ्ठा घेऊन सभागृहात यायचे आणि नियमातली फट शोधून एकेक वाचायचा प्रयत्न करायचे. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना विचारलं, माझ्याकडे २२ गुलामांच्या सहीचा अर्ज आहे, तो नियमात बसतो का? नुसत्या प्रश्नावर सभागृह पेटलं. अॅडम्स यांची निर्भर्त्सना करा म्हणून ठराव आले. गुलामाला अर्ज करायचा हक्कच नाही, असं दक्षिणेकडच्यांचं म्हणणं. खूप गदारोळ झाल्यावर कळलं की तो अर्ज गुलामगिरी चालू ठेवा असं म्हणणारा होता. अॅडम्स मात्र मुद्द्यावरून हलले नाहीत. अर्ज काय म्हणतो हा पुढचा प्रश्न, आधी तो घ्या.

१८४० मध्ये नियम आणखी कडक झाला, असे अर्ज स्वीकारायचेच नाहीत. पण या वेळी मतं ११४ विरुद्ध १०८. गुलामगिरीशी काही देणंघेणं नसलेल्यांनाही वाटू लागलं होतं की आज त्यांचं तोंड बांधलं, उद्या आमचं. ३ डिसेंबर १८४४ ला १०८ विरुद्ध ८० मतांनी तो नियम गेला. खडू-फळा सर, मुलांना हेही सांगा. ऐकायचं नाही असं ठरवल्यामुळेच तिथे ऐकणारे वाढले.

---

खडू-फळा

निशिगंधाताई, सांगेन. त्रैराशिकांचं गणित तर उद्याच फळ्यावर मांडतो.

सनदेच्या सहा मागण्यांचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवतो. मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं. मताधिकार १८६७ आणि १८८४ मध्ये वाढला, सगळ्या पुरुषांना मिळायला १९१८ उजाडलं. १८८५ मध्ये मतदारसंघ बरेचसे सारखे झाले. खासदारांना पगार १९११ पासून, वर्षाला ४०० पौंड. दरवर्षी निवडणूक मात्र झाली नाही, आणि ते बरंच झालं असं माझं मत. माझी मूळ तक्रार तरीही कायम आहे. ओ'कॉनर यांनी आकडा फुगवला नसता तर १८४८ चे खरे २० लाख लोकांच्या लक्षात राहिले असते.

---

अजिंक्यतारा

ताईंनी टॉवर हॅम्लेट्सचं नाव काढलं म्हणून लिहितो. त्याच मतदारसंघातून १८४७ मध्ये जॉर्ज थॉम्पसन निवडून आले. हा माणूस गुलामगिरीविरुद्धचा ब्रिटनमधला नामांकित वक्ता. १८३४-३५ मध्ये अमेरिकेत व्याख्यानं देत फिरला, जमाव इतके खवळले की त्याला गुपचूप परत यावं लागलं. निशिगंधाताई ज्या अर्जांबद्दल सांगत आहेत त्यांना हवा देणाऱ्यांत तोही होता.

आणि हाच जॉर्ज थॉम्पसन लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आमच्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठी भांडला. कंपनीने १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. १८४० ते १८५३ तिथेच. इंग्रजी शिकले, सभांतून बोलले, निवेदनं छापली, कंपनीच्या दारातून पार्लमेंटच्या दारात आणि तिथून परत. खासदार जोसेफ ह्यूम यांनीही साताऱ्याचा विषय लावून धरला. हेच ह्यूम १८४८ च्या त्या एप्रिलनंतर, काही महिन्यांतच, कॉमन्समध्ये मताधिकार वाढवण्याचा ठराव घेऊन उभे राहिले आणि हरले.

महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले. १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केला. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केल्याबद्दल इंग्रज त्यांच्या मागे लागले, ते हाती लागले नाहीत, पण त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला. तेरा वर्षं कागदावर विश्वास ठेवलेला माणूस होता तो. सगळे अर्ज पुढे कुठेतरी पोचतातच असं मी म्हणू शकत नाही. रंगो बापूजींच्या बाबतीत 'ऐकणारे वाढले' असं मला दिसत नाही.

---

जुनी पानं

अजिंक्यतारा, तुमचं शेवटचं वाक्य मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर शोधायची घाईही नको.

एक फरक मात्र नोंदवते. रंगो बापूजी एका राजाचे वकील म्हणून गेले होते. त्यांच्यामागे सह्या नव्हत्या, एका माणसावर झालेला अन्याय होता. ऑगस्ट १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन निघाली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी ही मंडळी. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण १८५३ मध्ये व्हायचं होतं, त्याआधी त्यांनी पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. इथल्या कारभारात इथल्या माणसांना जागा द्या, असं त्यात होतं. तिथे भाषा बदललेली दिसते. कोणा एकाची गादी नव्हे, रयतेचा कारभार.

---

त्रैराशिक

आणि पुण्याची सार्वजनिक सभा, २ एप्रिल १८७०. तिचा नियम मला या धाग्यात सांगावासा वाटतो. सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीलाच ९५ सभासदांच्या मागे सुमारे ६ हजार सह्या होत्या. मत नावाची गोष्ट या देशात नव्हती तेव्हा सार्वजनिक काकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रतिनिधी निवडायची ही पद्धत बसवली. १८७५ मध्ये सभेने हाउस ऑफ कॉमन्सकडे अर्ज केला: पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी घ्या.

खडू-फळा सर, इथे तुमची चोख मोजदाद सापडते. मुखत्यारपत्रावर कोणी नकट्या म्हणून सही करणार नाही.

---

खडू-फळा

हे मला माहीत नव्हतं. ५० सह्यांचं मुखत्यारपत्र! आभारी आहे.

---

निशिगंधा

मोजदादीचा विषय निघालाच आहे तर एक भर. स्त्रियांना मत द्या असा अर्ज पार्लमेंटमध्ये ७ जून १८६६ ला खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी मांडला. सह्या फक्त १,४९९. एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट तो घेऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये गेल्या, आणि मिल येईपर्यंत लोकांच्या नजरेत नको म्हणून तिथल्या सफरचंदं विकणाऱ्या बाईच्या ठेल्याखाली ठेवला. चार्टिस्टांच्या ढिगापुढे हा कागद एवढासा. पण डेव्हिसबाईंनी सगळी नावं छापून घेतली, वर्णानुक्रमाने, पत्त्यांसकट, आणि ती यादी वर्तमानपत्रांना, खासदारांना पाठवली. १८४८ चं हसं आठवत असणारच, म्हणून हा चोखपणा, असं मला वाटतं. नावं द्यायला न घाबरलेल्या त्या १,४९९ जणींत शिक्षिका होत्या, दुकानदार होत्या, लोहाराची बायकोही होती. त्या यादीची प्रत केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात आहे. थेम्सकाठी, तुम्हाला कधी जमलं तर बघून या आणि इथे लिहा.